बसकीच्या चाकाचं माप

डोळे मिटा पाहू क्षणभर. असं समजा, की तुमच्या वाटेत रोज एक पायरी उभी आहे. इतरांना ती दिसतसुद्धा नाही. बोलता बोलता ते चढून जातात. तुम्हाला मात्र ती रोज दिसते, कारण तुमचा एक पाय तुमचं ऐकत नाही. आता आपल्या हाताची वीत पसरा आणि त्या पायरीची उंची मोजा. एक वीत? सोपं आहे. दीड वीत? दातओठ खाल्ले तर जमेल. दोन विती? मग कुणाला तरी हाक मारावी लागेल, "मला उचला." दीड आणि दोन यांच्यामध्ये अर्धी वीत असते. त्या अर्ध्या वितीसाठी एका मुलीनं काय काय केलं, ते आता ऐका.

झरीच्या शिवारात, गावापासून बरंच आत, दिनकररावांचा आखाडा होता. आपल्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. तिथं कुस्त्या होत नाहीत, ज्वारी आणि तूर होते. दिनकररावांची मुलगी कोकिळा अकरा वर्षांची. ती दोन वर्षांची असताना तिला ताप आला होता, आणि ताप उतरला तेव्हा डावा पाय लुळा पडला होता. त्या पायाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि खाली जड बूट. शाळा परभणीत. एस.टी.ची पायरी तिच्या कमरेला लागायची, म्हणून ती घरच्या मोटारीनं जायची.

ती मोटार कोकिळेच्या आजोबांनी निजामाच्या राज्यात हैदराबादेहून आणलेली. विलायती, काळी, गोल गोल डोळ्यांची. तिचे सुटे भाग मिळायचे बंद होऊन एक पिढी गेली, तरी ती चालत होती, कारण परभणीचे वैजीनाथ मिस्तरी तिला चालवल्याशिवाय सोडत नव्हते. चार वर्षांपूर्वी दिनकरराव त्यांना म्हणाले होते, "मिस्तरी, लेकराला आपलं आपण बसता यावं, असं काही करा." मोटारीखाली लोखंडी पट्ट्यांची चळत असते. तिला पाटे म्हणतात, आणि त्यावरच गाडी झुलते. मिस्तरींनी चारी चाकांच्या चळतीतून पाटे काढले आणि गाडी खाली बसली. पायरी कोकिळेच्या दोन विती होती, ती दीड वीत झाली. गावानं त्या दिवसापासून गाडीचं नाव 'बसकी' ठेवलं.

तेव्हापासून रोज सकाळी कोकिळा दार उघडायची, पाठ गाडीकडं करायची, उजव्या पायानं पायरीवर जोर देऊन सीटच्या कडेवर बसायची आणि लोखंडी पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायची. मग दार ओढायची. दार धाडकन लागलं, की तिला बरं वाटायचं. चार वर्षांत तिला कुणी उचललं नव्हतं.

पंच्याऐंशी सालच्या श्रावणात बसकीचे टायर संपले. सुताचे धागे दिसायला लागले. दिनकररावांनी परभणी, नांदेड, औरंगाबाद, सगळीकडं विचारलं. जुन्या मापाचं टायर कुठंच मिळेना. शेवटी परभणीच्या दुकानदारानं जीपचे टायर काढून दाखवले. जुन्या टायरवर लिहिलेलं होतं ५.००-१६. जीपच्या टायरवर ६.००-१६.

"सोळाला सोळा जमलं की," दिनकरराव खूश झाले.

वैजीनाथ मिस्तरींनी टायर रिमवर चढवले आणि दुकानासमोरच मडगार्डखाली बोटं घालून पाहिलं. मागच्या चाकावर दोन बोटं जागा राहत होती.

"बस्स, रावसाब," ते म्हणाले. "बराबर बसलं. आता धा वर्षं बघायचं काम न्हाई."

दहा वर्षांचं काय सांगता, दहा दिवसही गेले नाहीत. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता. मधूनच बंद लागायचा आणि एस.टी. आगारातून बाहेरच पडायची नाही. अशाच एका दिवशी दुपारी शाळा लवकर सुटली. दिनकरराव कोकिळेला घेऊन परत निघाले, तर रस्त्याच्या कडेला माणसंच माणसं. आता या घराचा एक नेम होता. आजोबांनी गाडी घेतली त्या दिवशी सांगून ठेवलं होतं, की वाटेवर उभा असलेला माणूस मागं सोडून गाडी पुढं न्यायची नाही. दिनकररावांनी तो कधी मोडला नव्हता. एक म्हातारा चढला, दोन कॉलेजची पोरं चढली, एक बाळंतीण, तिचं बाळ आणि तिची आई चढली. सगळ्यांत शेवटी कडूबाई. ती शेजारच्या आखाड्याची, अंगानं भरदार आणि तोंडानं त्याहून. तिच्याबरोबर हमेशा एक मोठी पाटी असायची.

"सरका ग बायांनो," ती मागच्या डाव्या कोपऱ्यात बसत म्हणाली. "पाटीत अंडे हायत. फुटले तर ज्याच्या अंगावर फुटतील त्यानं आमलेट करून खावं."

गाडीत नऊ माणसं झाली. दोन मैल गेले असतील, तोच मागून खर्र, खर्र आवाज यायला लागला. मग रबर जळल्याचा वास.

"दादा, तुमच्या घरी काई करपायलंय का?" कडूबाईनं विचारलं.

दिनकररावांनी गाडी थांबवली आणि खाली वाकून पाहिलं. मडगार्डच्या कडेनं मागच्या टायरला वीतभर चीर पडली होती. ती दोन बोटं जागा कुठं गेली होती? मोकळ्या गाडीतच राहिली होती. आणि दिनकररावांची गाडी मोकळी कधी चालतच नव्हती! मिस्तरींनी माप घेतलं ते उभ्या, रिकाम्या गाडीचं. माणसं बसली, पाटे दबले, आणि मडगार्ड टायरवर येऊन टेकलं.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक मिस्तरींच्या दुकानात गेले. मिस्तरींनी चीर पाहिली आणि कानाला हात लावला.

"गलती माझी, रावसाब. तुमची सवय मला म्हाईत हाय, तरी रिकामी गाडी मोजली मी." मग हात पुसत म्हणाले, "इलाज सोपा हाय. काढलेले पाटे माळ्यावर पडलेत. चारी चाकाला परत घालतो. गाडी उचलली की टायर मोकळं."

"किती उचलल?" कोकिळेनं विचारलं.

"तीन इंच पाट्याचे. एक इंच टायरनं आधीच उचललीय."

कोकिळेनं पायरीजवळ हात नेला आणि वीत पसरली. दीड वीत अधिक चार इंच. दोन वितींच्याही वर जात होतं. तिनं वीत मिटली आणि हात फ्रॉकच्या खिशात घातला.

दिनकररावांना ते दिसलं. "मी उचलून ठेवत जाईन की तुला," ते हळूच म्हणाले. "किती वजन हाय तुझं? ज्वारीच्या अर्ध्या पोत्याएवढं पण न्हाई."

"मी पोतं न्हाई, अण्णा," कोकिळा म्हणाली.

तिच्या मनात शाळेचं फाटक होतं. सुटीच्या वेळी तिथं पन्नास मुली उभ्या असतात. त्यांच्यासमोर, अकरा वर्षांच्या मुलीला, काखेत हात घालून... तिनं विचार तिथंच थांबवला.

"मामा, लगेच पाटे घालू नका," ती मिस्तरींना म्हणाली. "दुसरं टायर न्हाई का बसत?"

वैजीनाथ मिस्तरी चांगला माणूस. लेकरानं प्रश्न विचारला, की हातातलं काम खाली ठेवणारा. त्यांनी खडू घेतला आणि दुकानाच्या फरशीवर एक मोठं कडं काढलं. त्याच्या आत एक लहान कडं.

"हे आतलं रिम. आपलं सोळा इंची. अन् हे बाहेरचं रबर. टायरवरचा पहिला आकडा म्हंजे रबराची जाडी, दुसरा म्हंजे रिम. आता सांग, आख्खं चाक किती उंच?"

कोकिळेनं कड्यावरून बोट फिरवलं. "सोळा अन् पाच... एकवीस."

"रबर वरच असतं व्हय? खाली न्हाई?"

"वर पाच, खाली पाच. सव्वीस."

"शाब्बास. अन् जीपचं?"

"सोळा, सहा, सहा. अठ्ठावीस!" तिचे डोळे मोठे झाले. "म्हंजे सोळाला सोळा जमलं, पण चाक दोन इंच मोठं झालं."

"अगदी तसं न्हाई, रबर दबतं थोडं, पण अंदाजाला हिशेब बराबर हाय. त्या दोनातला एक इंच खाली जातो, गाडीला उचलतो. दुसरा इंच वर जातो, मडगार्डकडं." मिस्तरी दिनकररावांकडं पाहून ओशाळून हसले. "अकरा वर्षांच्या लेकराला कळलं ते, रावसाब. आपुन दोघं सोळा बगून नाचलो."

मग फियाटच्या टायरचा हिशेब झाला. ते चौदाचं, चाक साडेचोवीसच्या आतच भरलं. "न्हाई चालणार," दिनकरराव म्हणाले. "आखाड्याची वाट बैलगाड्यांची हाय. दोन्ही बाजूला चाकोऱ्या अन् मधी हा एवढा उंचवटा. गाडी आणखी खाली गेली तर पोट घासल." उरलं ॲम्बेसिडरचं, ५.९०-१५. पंधरा, पाच पूर्णांक नऊ, पाच पूर्णांक नऊ. कोकिळेनं तीनदा बेरीज केली: जवळजवळ सत्तावीस. जुन्यापेक्षा इंचाच्या आतच मोठं, म्हणजे वर अर्धा इंचही नाही.

"रिम बदलावं लागल," मिस्तरी म्हणाले. "ॲम्बेसिडरच्या रिमात आपल्या रिमची मधली थाळी बसवून वेल्डिंग मारू. ते होतं. पण नऊ माणसं बसल्यावर मडगार्डखाली तेवढी जागा उरती का, हे कोण सांगल? चालत्या गाडीच्या चाकावर डोकं घालून कोण बघल?"

"रविवारपतूर थांबा," कोकिळा म्हणाली. कशासाठी थांबायचं, हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

बसकीला जुने, झिजलेले टायर परत लावून ते घरी आले. कोकिळा ओट्यावर बसून राहिली. पोळा होऊन आठच दिवस झाले होते. ओट्याच्या कोनाड्यात तिनं केलेले मातीचे बैल होते आणि खाली गोणपाटाखाली मळलेली काळी माती उरली होती, अजून ओली. तिनं सहज एक गोळा घेतला आणि नेहमीसारखा बैल करायला लागली. पोटाखालून अंगठा फिरवताना तिचं लक्ष गेलं. अंगठ्याएवढी जागा झाली, तिथली माती बाजूला गेली. राहिली ती बरोबर अंगठ्याच्या वरची.

ती तशीच उठली. बूट फरशीवर खाडकन वाजला.

"अण्णा, चाकावर डोकं कामून घालायचं? माती घालू की!"

त्या दोघांनी मिळून चारी मडगार्डच्या आतून, चाकाच्या बरोबर वर, मातीचे जाड थर थापले. वर पत्रा, खाली माती, त्याखाली टायर. दुसऱ्या दिवशी बाजार होता. आखाड्यांवरची माणसं सकाळीच वाटेवर आली. त्या वर्षी पावसानं ताण दिला होता, वाट कोरडी आणि खडबडीत होती. हिशेबाला तसंच हवं होतं. दिनकररावांनी नेहमीप्रमाणं सगळ्यांना घेतलं. नऊ माणसं, चार गाठोडी, एक कोंबडा.

"हे काय लिंपण केलंय मोटारीला?" कडूबाई मडगार्डखाली डोकावत म्हणाली. "सारवायचं राहिलंय व्हय आता?"

"मावशी, तुमी नेमी बसता तिथंच बसा," कोकिळा म्हणाली.

"दुसरीकडं मी मावते कुठं?"

गाडी वाटेनं हेलकावे खात सडकेपर्यंत गेली आणि थांबली. झिजल्या टायरवर त्यापुढं नेणं बरं नव्हतं. सगळे एस.टी.साठी उतरले. पण जायचं सोडून गाडीभोवतीच जमले. कोकिळा जमिनीवर बसली होती. तिनं बाभळीचा लांब काटा घेतला आणि पुढच्या मडगार्डखालच्या मातीत खुपसला, पत्र्याला टेकेपर्यंत. चाकानं जास्तीची माती खरवडून नेली होती. जी उरली, तीच खरी मोकळी जागा. काटा बाहेर काढून तिनं बोटांनी मोजला.

"पुढं दोन बोटं."

ती सरकत सरकत मागं गेली. उजवीकडं अर्धं बोट. डावीकडं काटा लगेचच पत्र्याला लागला. मातीचा नुसता पापुद्रा उरला होता.

"हितं कोण बसतं?" एका म्हाताऱ्यानं मुद्दाम विचारलं.

"बगा ना आता!" कडूबाई उसळली. "मी खाते तरी काय? भाकर अन् ठेचा! मातीनं सुद्दा चुगली करावी का माणसाची?"

सगळे हसले. दिनकरराव हसले नाहीत. ते मडगार्डवर हात ठेवून उभे होते. मागं पापुद्रा उरतो, म्हणजे ॲम्बेसिडरचं टायरही घासणार. आता दोनच वाटा दिसत होत्या. पाटे परत घालायचे, किंवा वाटेवरची माणसं सोडून जायचं. एकीकडं मुलगी, दुसरीकडं वडिलांचा नेम.

कडूबाईच्या ध्यानात आलं ते. तिनं पाटी उचलून डोक्यावर घेतली. "दादा, मी चालत येत जाईन सडकेपतूर. मला काय, पाय हायत." बोलून गेली आणि लगेच जीभ चावली. कोकिळेच्या बुटाकडं तिची नजर गेली होती.

कोकिळा मात्र ऐकतच नव्हती. ती पुन्हा सरकत पुढच्या चाकाशी गेली होती. पुन्हा काटा खुपसला. पुन्हा मोजलं. दोन बोटं.

"अण्णा, मी पुढं बसते ना?"

"हं."

"अन् ओझं मागं बसतं. पुढं तर जागा हाय. मग मामा पाटे चारी चाकाला कामून घालायलेत?"

दिनकररावांनी तिच्या हातातला काटा घेऊन स्वतः मोजलं.

रविवारी त्यांनी हाच प्रश्न वैजीनाथ मिस्तरींना विचारला. मिस्तरींनी खडूनं फरशीवर चार चाकं काढली. "काढले तेव्हा चारी चाकाचे काढले," ते म्हणाले. "म्हणून घालताना पण चारीच डोळ्यापुढं आले. सवय, दुसरं काय." मग कोकिळेकडं वळले. "फक्त मागं एकेक पाटा टाकू म्हणतीस. पण गाडी शेपूट वर करून चालल बरं का. लोक हसतील."

"हसू द्या. आता काय कमी हसतेत?"

"अन् थोडी पायरी उचललच. मागचा पाटा अन् टायर मिळून दोन बोटं. ते मला टाळता येत न्हाई, लेकरा. खोटं सांगणार न्हाई."

दोन बोटं. कोकिळेनं दीड वितीवर दोन बोटं ठेवून पाहिली. दीड वितीलाच तर दातओठ खावे लागत होते, आणि जीपच्या टायरच्या एका इंचाला घाम फुटला होता. तिनं मान हलवली. "घाला."

जीपचे तीन चांगले टायर पुढं पालमच्या एका जीपवाल्यानं नेले. चौथा, चिरलेला, मिस्तरींच्या दुकानात बसायला झाला. बसकीला पंधराची नवी चाकं बसली, मागं एकेक पाटा चढला. सोमवारी सकाळी गाडी आखाड्याच्या अंगणात उभी राहिली, तेव्हा ती खरंच पाणी प्यायला वाकलेल्या वासरासारखी दिसत होती. कडूबाई पाटी घेऊन आधीच हजर होती. पण आज तिनं मागचं दार उघडलं नव्हतं. ती उगाच पाटीवरचं फडकं सारखं करत होती. आई ओट्यावर. दिनकरराव गाडीच्या दाराशी, हात मागं बांधून.

कोकिळेनं पाठ गाडीकडं केली. उजवा पाय पायरीवर टेकवला आणि जोर दिला. सीटची कडा पाठीला लागली, आणि पाय घसरला. बूट जमिनीवर आपटला. तिनं दाराला धरलं म्हणून पडली नाही.

दिनकररावांचे बांधलेले हात सुटले. ते एक पाऊल पुढं आले.

"थांबा, अण्णा."

ते थांबले. ते थांबणं सोपं नव्हतं, हे तुमच्या आई-वडिलांना विचारून पाहा.

कोकिळेनं श्वास घेतला. आपल्याला नेमकं कुठं अडलं, ते तिनं आठवून पाहिलं. चार वर्षं ती सीटच्या कडेवर हात टेकून जोर द्यायची. आता ती कडा दोन बोटं वर गेली होती आणि तेवढ्यानं कोपर नीट वाकत नव्हतं. म्हणजे हाताची जागा बदलायला हवी. तिनं दप्तर काढून आत टाकलं. डावा हात दाराच्या चौकटीवर, उंच, जिथं आजवर कधी नेला नव्हता तिथं नेला. उजवा सीटच्या मागं, खोलवर. मग पायरीवर पाय, आणि जोर. ओठ दातांखाली गेले. अंग वर आलं, क्षणभर मधेच राहिलं, आणि सीटवर बसलं.

तिनं लोखंडी पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आईनं नुसता पदर तोंडाला लावला.

मग कोकिळा सीटवर गुडघा वळवून मागं वाकली, आतूनच मागचं डावं दार ढकलून उघडलं आणि म्हणाली, "मावशी, बसा लवकर. सडकेवर माणसं उभी असतील."